कोयत्याची सुरी

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव कुठलं ते विचारू नका, पण तिथल्या लोहाराकडे कंप्युटर होता, एवढं पक्कं. हसताय काय? गोष्टीत कोल्हा बोलतो, तेव्हा बरं हसत नाही तुम्ही!

त्या गावात एक स्वयंपाकीण होती. सगळे तिला आक्का म्हणत. देवीच्या उत्सवाचं जेवण तिच्याच हातचं. पण म्हातारपणी गुडघे गेले, विळीवर बसवेना. बोटं वाकडी झाली, सुरी धरवेना. पाटील म्हणाले, "आक्का, यंदा दुसरं कुणी बघतो."

तिनं आपल्या वारलेल्या धन्याचा कोयता पदरात गुंडाळला आणि लोहाराचं घर गाठलं. "दादा, यातून माझ्या हाताला बसेल अशी सुरी करून दे. पण त्यांची एवढीच आठवण आहे रे. बिघडला तर दुसरा आणू कुठून?"

लोहारानं कोयता कोनाड्यात ठेवला आणि कंप्युटरसमोर बसला. पडद्यावर सुरी आखली, फिरवून फिरवून पाहिली, वजन कुठं पडतं ते पाहिलं. मग तशीच लाकडाची करून आक्काच्या हातात दिली.

"मनगट दुखतंय रे."

त्यानं पडद्यावर मूठ जाड केली. पुन्हा लाकूड, पुन्हा आक्का.

"आता बोट घसरतंय."

बरं, पुन्हा पडदा!

इकडे भट्टी थंडगार. गावाला काय, आयतीच करमणूक. "उत्सव तोंडावर आला नि हा चित्रं काढतोय! तुझा आजा डोळे झाकून घडवायचा."

"आजाकडे लोखंड पुष्कळ होतं," लोहार म्हणाला. "माझ्याकडे हा एकच कोयता आहे."

अखेर एका सकाळी आक्कानं लाकडाची सुरी धरली आणि नुसतीच हसली. तेव्हा कुठे लोहारानं भट्टी पेटवली. आणि मग काय हात चालला त्याचा, वा! तापवलं, ठोकलं, पाणी दिलं. एक घाव वाया नाही.

उत्सवात आक्कानं उभ्या उभ्या भला थोरला भोपळा सरसर चिरला. पाटील बघतच राहिले. "एका फटक्यात कशी रे साधली?"

लोहारानं त्यांना पडदा दाखवला. आखून मोडीत काढलेल्या सुऱ्यांची ही मोठी रांग! "एका फटक्यात कुठली, पाटील? बिघडवायच्या तेवढ्या इथं बिघडवल्या. म्हणून आक्काचा कोयता वाचला."

तर बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, चुकायचं ते आखताना चुकून घ्यावं, म्हणजे घडवताना चुकावं लागत नाही.