हैबतीचा शिधा कसा बंद झाला

कुठल्याशा तालुक्याच्या गावी हैबती नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती, तर कुणी "बस" म्हटलं की बसायचा आणि "ऊठ" म्हणेपर्यंत उठायचा नाही. बायको ठकू मात्र शहाणी होती. एकाच घरात दोन हैबती नकोत, एवढी दया देवाला आली असावी.

हैबती रामलिंगशेटच्या लाकडाच्या वखारीत राखणदार होता. शेटनं बजावलं होतं, "हैबती, दारावरची नजर काढायची नाही."

हैबतीनं नाही काढली. एका दुपारी दोन चोर मागची भिंत चढून आत उतरले. सागाच्या फळ्या गोळा केल्या. दोर कमी पडला, तसा त्यातला एक हैबतीजवळ आला.

"पाव्हणं, दोर हाय का?"

हैबतीनं दाराकडं बघत बघतच दोर दिला. भिंतीबद्दल शेट काही बोलला नव्हता. दोराबद्दल तर नाहीच नाही.

संध्याकाळी शेटनं कपाळ बडवून घेतलं. "अरे गाढवा, चालता हो!"

हैबती चालायला लागला. पार शेजारच्या गावच्या ओढ्यापर्यंत गेला. ठकू मागून धावली, तेव्हा कुठं थांबला.

घरी येऊन ठकूनं कणगीत हात घातला. कोपरापर्यंत गेला, तेव्हा ज्वारी लागली.

"ज्याचं काम गेलं त्याला सरकार शिधा देतंय," ती म्हणाली. "कचेरीत जावा. विचारतील त्याचं खरं खरं सांगा."

कचेरीच्या खिडकीत निमोणकर भाऊसाहेब बसायचे. माणूस वाईट नव्हता हो. फक्त कुणाला काही द्यायची वेळ आली की त्याच्या पोटात दुखायचं.

"काम का गेलं?"

"माझ्या चुकीनं, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. बाकीचे लोक रडायचे, भांडायचे. त्यांची चूक शोधून काढता काढता भाऊसाहेबांना घाम फुटायचा. इथं चूक आयती पायानं चालत आली होती.

"शाबास! ज्याचं काम स्वतःच्या चुकीनं गेलं, त्याचा शिधा तीन महिने बंद. असा नियम आहे. आता काम शोध. दारोदार जाऊन विचार, काम आहे का?"

हैबती निघाला. लग्नाच्या मांडवात शिरून विचारलं, "काम आहे का?" मयताच्या दारात तिरडी बांधत होते, तिथंही विचारलं. तिथं लोकांनी चपला काढल्या. शेवटी गुळाचा अडत्या म्हणाला, "आहे की! ये, ह्या ढेपा उतरव."

"बरं झालं," म्हणून हैबती पुढच्या दाराकडं वळला.

"अरे, चाललास कुठं?"

"काम शोधायला. करायचं कुठं सांगितलंय?"

ही गोष्ट कचेरीत पोचायला कितीसा वेळ लागणार? भाऊसाहेब खिडकीतून ओरडले, "चालून आलेलं काम सोडलंस! आणखी तीन महिने शिधा बंद. यापुढं कुणी काही विचारलं तर नाही म्हणायचं नाही!"

"हो," हैबती म्हणाला.

घरी आला. दारात शेळी बांधलेली होती. रस्त्यानं जाणारा एक वाटसरू गमतीनं म्हणाला, "काय मालक, शेळी नेऊ का?"

"हो."

"दाव्यासकट?"

"हो."

ठकू पाणी घेऊन आली, तर खुंटा मोकळा.

"अगं आई गं! गाभण होती वो ती!" ती मटकन खाली बसली. "तुम्हाला काय बोलायचं? तुमच्याशी लगीन केलं, ही माझीच चूक!"

मग तिनं कणगीत हात घातला. खांद्यापर्यंत गेला, तेव्हा चार दाणे लागले. रात्री दोघं पाणी पिऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी ठकू स्वतःच नवऱ्याला ओढत कचेरीत घेऊन गेली. भाऊसाहेबांनी दोघांकडं बघितलं. शिध्याच्या कोठीवरचा राखणदार आठवड्यापूर्वी पळून गेला होता.

"हैबती, कोठीवर राखणीला राहशील? पगार मिळणार नाही."

"नाही म्हणा!" ठकू मागून कुजबुजली. "अवो, नाही म्हणा!"

"हो," हैबती म्हणाला.

"छान. म्हणजे तुला काम मिळालं," भाऊसाहेब म्हणाले. "काम असलेल्याला शिधा नसतो. तुझा शिधा आता कायमचा बंद."

बाजाराच्या दिवशी शिधावाटप होतं. भाऊसाहेबांना दुपारची डुलकी लागायची, म्हणून त्यांनी हैबतीला शिकवून ठेवलं. "येईल त्याला विचार, काम का गेलं? स्वतःच्या चुकीनं गेलं असेल तर एक दाणा द्यायचा नाही. दुसऱ्याच्या चुकीनं गेलं असेल तर अंगठा घ्यायचा, माल सोडायचा."

पहिली आली सूतगिरणीतली गजरा म्हातारी. "नातवाला ताप होता रे बाबा. कामावर उशिरा पोचले."

"उशीर कुणाला झाला?"

"मला."

"मग चूक तुझीच. पुढं हो."

अशी अख्खी रांग गेली. प्रत्येकाची कुठं ना कुठं चूक निघालीच. शेवटी ठकू सूप घेऊन आली. "सूपभर ज्वारी घाला. सकाळपासनं चूल पेटली नाही."

"तुझं काम का गेलं?"

"माझं काम कुठं गेलंय? मरेस्तोवर चालूच हाय!"

"मग शिधा नाही."

दुपार टळली. भाऊसाहेब आत घोरत होते. एवढ्यात एक बैलगाडी आली. गाडीत तेच दोन चोर.

"काम का गेलं?" हैबतीनं विचारलं.

चोर आधी चपापले. मग एक म्हणाला, "काय सांगू, पाव्हणं! रामलिंगशेटनं वखारीची भिंत वाढवली. वर काचा लावल्या. आमचं कामच बसलं."

"भिंत कुणी वाढवली?"

"शेटनं."

"म्हणजे तुमची काहीच चूक नाही!" हैबतीला आनंदानं भरून आलं. दिवसभरात नियमात बसणारं कुणीतरी आलं होतं. किती माल सोडायचा ते भाऊसाहेब बोलले नव्हते, म्हणून सगळाच सोडला. पोती उचलू लागला. पोत्यागणिक अंगठा घ्यायला मात्र विसरला नाही.

चोर उपकार जाणणारे निघाले. दोर दिला, कोठी दिली, म्हणून जाता जाता हैबतीच्या दारात एक पोतं टाकून गेले.

सकाळी जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. कोठी रिकामी बघून भाऊसाहेबांना घेरीच आली. पण वहीत पानभर अंगठे बघितले आणि जिवात जीव आला.

"वाटप पूर्ण झालं, साहेब. एक दाणा शिल्लक नाही."

"वा निमोणकर!" साहेबांनी पाठ थोपटली.

तेवढ्यात डोक्यावर पोतं घेऊन हैबती आत आला. पोत्याचं दुसरं टोक धरून ठकू फरफटत येत होती. "सोडा वो! तवा तापलाय घरी!"

"आमचं काम चालू हाय, भाऊसाहेब. आम्ही नियमात बसत नाही," म्हणत हैबतीनं पोतं साहेबांच्या पुढ्यात टाकलं.

साहेबांनी भुवया चढवल्या. "वाटप पूर्ण, तर हे कुठून उगवलं?"

भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. हे पोतं आता कुणाच्या तरी गळ्यात घालायलाच हवं होतं. शहाण्या ठकूनं ते ओळखलं आणि ती पुढं झाली.

"साहेब, ते माझ्या वाटणीचं हाय. भाकरी थापायचं माझं काम गेलंय, ते ह्यांच्या चुकीनं. माझी काहीच चूक नाही."

"बरोबर आहे, साहेब!" भाऊसाहेब घाईघाईनं म्हणाले. "बाई अगदी नियमात बसते. अंगठा लाव, बाई, आणि उचल."

ठकूनं अंगठ्याला शाई लावली. साहेबांनी सहज हैबतीकडं बघितलं. "काय रे, खरं आहे ना हे?"

विचारतील त्याचं खरं खरं सांगायचं, असं ठकूनंच शिकवलं होतं.

"खोटं कशाला बोलू, साहेब? चूक तिचीच हाय," हैबती म्हणाला. "तुमच्याशी लगीन केलं ही माझीच चूक, असं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय."

साहेबांनी मान डोलावली. "मग शिधा बंद."