बेडकाचं वऱ्हाड

तिसऱ्या वर्षीही पाऊस आला नाही, तेव्हा राजा मेघराजानं त्याचं खापर ढवळगावावर फोडलं. राजाचं स्वतःचं काही चुकलं असेल का, हे दरबारच्या जोशीबुवांनी पोथी उघडून आधीच पाहिलं होतं. तसं काही निघालं नाही. चूक गावाचीच निघाली. गावानं बेडकाचं लग्न लावलं नव्हतं! लगेच दवंडी पिटली गेली: पौर्णिमेच्या आत वाजतगाजत बेडकाचं लग्न लावा, नाहीतर घरदार सोडून राज्याबाहेर चालू लागा.

राजाला दुष्काळाची झळ लागली नव्हती असं नाही. त्यानं जेवणातलं एक पक्वान्न कमी केलं होतं. टेकडीवरच्या राजवाड्यात सात मोटा एकदम चालतील अशी विहीर होती आणि तिला अजून भरपूर पाणी होतं. पण ते हत्तीच्या अंघोळीला आणि गुलाबांच्या ताटव्यांना पुरायला हवं होतं, म्हणून विहिरीवर भालेकरी उभे होते. टेकडीखाली ढवळगावच्या बायका आटलेल्या तळ्यात झिरे खणून वाटीवाटीनं गढूळ पाणी भरत होत्या.

दवंडी ऐकून भिवराबाई कुंभारणीला घाम फुटला. घरात तेवढंच काय ते ओलं. तिच्या सुनेला नववा महिना लागला होता. पोरीला अंगणापर्यंत चालवत नव्हतं, ती राज्याबाहेर काय चालणार? कुंभाराचं चाकही कधीचं थांबलेलं. पाणीच नाही तिथं माठ कोण घेणार? पण लग्नाची मडकी पोचवता पोचवता भिवराबाईनं गावातली सगळी लग्नं पाहिली होती. कुठली विहीण कशावरून रुसली आणि काय घेऊन उठली, हे तिला तोंडपाठ होतं.

सगळं गाव बेडूक शोधायला निघालं. शिवारात एक दिसेना. ते केव्हाच निघून गेले होते, त्यांना दवंडीची गरज लागली नव्हती. शेवटी भिवराबाईनं तळ्यात आपल्या माती काढायच्या जागी कुदळ मारली, तेव्हा खाली चिखलात दडलेला एक बेडूक हाती लागला. पाटील म्हणाला, एकट्याचं लग्न कसं लावायचं?

"नवरी काय नवऱ्याच्याच घरात हुडकत्यात व्हय?" भिवराबाई म्हणाली. "सोयरीक भाईर करायची आसती."

बेडूक माठात घालून ती दरबारात गेली आणि महाराजांच्या विहिरीतल्या बेडकीला तिनं रीतसर मागणी घातली. दरबार खो खो हसला. राजाला तर ही गंमत फारच आवडली. फुकटात पुण्य कुणाला नको असतं? त्यानं माणूस उतरवून एक गुबगुबीत बेडकी काढवली आणि आमच्या विहिरीची ती आमची लेक, कन्यादान आम्हीच करणार, असं जाहीर केलं. प्रधान जोरात खोकला. त्याच्या चार लेकी उजवून झाल्या होत्या. पण राजानं तिकडे लक्ष दिलं नाही.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड टेकडीच्या पायथ्याशी येऊन थांबलं. मुहूर्त जवळ आला तरी कुणी वर चढेना. वरमाय भिवराबाईचा निरोप आला, की मुलीकडच्यांनी वेशीवर येऊन पाय धुतल्याशिवाय आणि पाणी पाजल्याशिवाय वऱ्हाड मांडवात येत नसतं. राजानं जोशीबुवांकडे पाहिलं. रीत मोडली तर पाऊस नाही, असं त्यांनीच सांगितलेलं, आता ते तरी काय बोलणार? मग पखाली भरभरून खाली गेल्या. वऱ्हाडात सगळं गाव होतं, गाड्यांचे बैल होते, गाई होत्या, शेरडंही होती. पाय कुणीच धुतले नाहीत, सगळे नुसते पीत होते.

लग्न लागलं. नवरानवरी एका माठात बसली. आता लेकीला घेऊन निघा, असं राजानं सांगितलं, पण वरमाय पाटावरून उठेना. राजानं शालू देऊ केला. तिनं तो बाजूला सारला. नथ देऊ केली. तिनं तोंड फिरवलं. राजाचा आवाज चढला. एक शब्द वाकडा गेला तर सून उद्या रस्त्यावर येणार होती. तरी ती फुगून बसूनच राहिली.

"विहीणबाई, तुम्हाला हवंय तरी काय?" राजा शेवटी म्हणाला.

"मला काय बी नगं, म्हाराज. पर तुमची लेक पान्यात वाढली. आमच्या घरी घोटभर पानी न्हाई. नांदाय आली आन् सांजच्याला सुकून मेली, तर लोक म्हनतील, बापानं घर बघून दिली न्हाई."

राजाला लगेच युक्ती सुचली. "त्यात काय! जावयाला इथंच विहिरीत राहू दे."

"घरजावई?" भिवराबाई झटक्यात उठली. "ऱ्हाऊ द्या की! मग आमी समदं गाव रोज सकाळी ल्येकाला भेटाय येनार. व्याह्यांना भालं दावून दारातनं परत धाडाय तुमी काय हलक्या घरचं हाय? आन् सोयऱ्याचं भांडं रिकामं परत करू न्हाई, ही रीत तुमच्या बी घरात आसंलच."

तिनं हात केला. मांडवात बसलेल्या प्रत्येक वऱ्हाडणीच्या मांडीशी एक रिकामी घागर होती.

प्रधान पुन्हा खोकला. राजानं घागरी पाहिल्या, भालेकरी पाहिले, माठातला जावई पाहिला, आणि त्याला असं हसू फुटलं की हातातल्या मुंडावळ्या टाकून जोशीबुवाच त्याची पाठ चोळायला धावले. "लेक दिली तरी पाणी गेलं, जावई ठेवला तरी पाणी गेलं! विहीणबाई, मुलीचा बाप झालो, आता सुटका नाही!"

त्यानं सातही मोटा चालू करायला लावल्या आणि विहिरीपासून गावच्या तळ्यापर्यंत पाट काढवला. भालेकऱ्यांना मोटा हाकायला बसवलं. एक मोट जोशीबुवांनाही दिली. शिवाय गावात घरटी दोन नवे माठ, राजवाड्याच्या खर्चानं, भिवराबाईच्याच चाकावरचे. तिच्या नातीची पहिली अंघोळ ऊन पाण्यानं, स्वतःच्या घरात झाली.

पाऊस मात्र काही लग्नाला आला नाही. जोशीबुवांनी मोट हाकता हाकता पुन्हा विचार केला, तेव्हा त्याला आमंत्रणाची अक्षत पोचली नसावी, असं निघालं.