वरचं एक मांजर

कधीकाळची गोष्ट आहे. डोंगराखालच्या एका गावात एक कासारीण राहत होती. तिचा हात असा हलका, की बांगडी भरताना कधी कुणाच्या मनगटावर काच तडकली नाही. बांगड्या भरून झाल्या की वर एक जास्तीची चढवायची, अशी त्या गावची रीत. बाकीचे कासार ती हात आखडून पाळत. ही मात्र हसत हसत पाळायची.

तिला मूलबाळ नव्हतं. घरात ती, तिचा नवरा आणि पिठी नावाची एक पांढरी मांजरी. पिल्लू असताना जात्याशेजारी पिठात लोळताना सापडली, म्हणून पिठी. तिला आधी मांडीवर घेतल्याशिवाय कासारणीच्या घशाखाली घास उतरत नसे.

पुढे ती बांगड्या भरायला जाई तिथून पिल्लं यायला लागली. "कासारीणकाकू, आमची मांजर व्यायलीय. एखादं न्या की!" हिला नाही म्हणवतच नसे. "दे गं दे, वर एक!" म्हणायची आणि पिल्लू टोपलीत घालायची. तीन झाली, सहा झाली, बघता बघता चौदा झाली.

नवरा आधी थट्टा करायचा. "अगं, मी आपला अंगणात झोपतो. तुझ्या मंडळींना तेवढं चालेल का, विचार हो!" पण एक दिवस तो चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "हे बघ, मला मांजरांचा राग नाही. पण काहीतरी आकडा ठरवू या. पाच म्हण, सहा म्हण. त्याच्या वर नको."

"आकडा कसला ठरवायचा, अहो?" ती फणकारली. "मुकी जनावरं ती. चौदा जेवतात तिथं पंधरावंही जेवेल. रोज परात चाटूनपुसून लख्ख होते. कुणी उपाशी राहतंय का?"

इथंच चुकलं बघा तिचं! परात रिकामी झाली म्हणजे सगळे जेवले, असं ती धरून चालली. दांडगे बोके आधी तोंड घालायचे आणि म्हातारी पिठी मागे उभी राहायची. ती कधी भांडली नाही की ओरडली नाही. भांडणाऱ्यांना आवरता आवरताच कासारणीचा दिवस जायचा. मग गप्प बसणारीकडे बघायचं कुणी?

नागपंचमी जवळ आली. गावाच्या टोकाला एक कुंभारीण राहायची. तिला सगळे आक्का म्हणत. आक्का तोंडाची फटकळ, आणि मांजरं मडकी फोडतात म्हणून त्यांचा तिला भारी तिटकारा. तिच्या सुनेला बांगड्या भरायला कासारीण गेली, तर ओसरीवर गोणपाटावर एक मळकट मांजर पडलेलं. शेजारी मातीच्या परळात दूधभात.

"अगोबाई! आक्का, तुम्ही आणि मांजर पाळलंत?" कासारीण हसली. "केवढं वाळलंय हो बिचारं! कुणाचं म्हणायचं?"

आक्का तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुझंच की गं."

कासारीण गोणपाटाशी बसली. तिनं मांजराला मांडीवर घेतलं. गावातल्या कुठल्याही बाईचं मनगट नुसतं दाबून ती सांगायची, ही आजारी आहे, हिला सासरी पोटभर मिळत नाही. आता तिच्या बोटांना पिठीच्या पाठीचा मणका न् मणका लागला. या अंगावरून आपला हात शेवटचा कधी फिरला, ते तिला काही केल्या आठवेना.

"कधीपासून आहे इथं?"

"बारा दिवस झाले. म्हटलं, आज येशील शोधत, उद्या येशील. आणून सोडणार होते, पण तिकडे पुन्हा उपाशीच राहायची." आक्काचा आवाज खाली आला. "रोज संध्याकाळी तुझ्या वाटेकडे तोंड करून बसते गं."

बारा दिवस! घरातलं एक मांजर नाही, हे बारा दिवसांत तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. कासारणीला रडू आवरेना.

तिनं पिठीला घरी आणलं, वेगळ्या वाटीत दूध दिलं, बाकीच्यांना दाराबाहेर ठेवलं. पिठीनं दुधाचा नुसता वास घेतला आणि तिची बोटं चाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी मांडीवरच पिठी गेली.

"तुमचं ऐकायला हवं होतं हो," कासारीण म्हणाली. नवऱ्यानं कुदळ उचलली. त्यानं परसात खड्डा खणला.

महिन्याभरानं सुताराची सून दारात आली. तिच्या ओच्यात एक पिल्लू होतं. "काकू, हे घ्या, वर एक!"

कासारणीचा हात पुढे झाला आणि थांबला. "जरा बस," म्हणून ती आत गेली. एकेका मांजराला जवळ घेऊन चाचपू लागली. एकाचा कान पिकला होता. एकीच्या पंजात काटा रुतून पू झाला होता. दोन तर सापडलीच नाहीत, आणि ती कधीपासून नाहीत ते तिला सांगता येईना.

बाहेर येऊन ती म्हणाली, "नको गं बाई. हे पिल्लू अशा घरी दे, जिथं ते एक दिवस दिसलं नाही तर कुणीतरी शोधायला निघेल."

तात्पर्य: ज्यांची रोज विचारपूस करता येईल, तेवढ्यांनाच घरात घ्यावं. त्याहून एक जरी जास्त झालं, तरी उपाशी राहतं ते कधीच न मागणारं.