ताण्याला घरचा हात

कोणत्या राजाचं राज्य होतं ते आज कोणालाच सांगता येणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी घोंगड्या विणणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे साळूबाई नावाची म्हातारी राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. घरात एक माग होता आणि त्या मागावर तिचा भारी जीव.

घोंगडी विणायची तर आधी लोकरीच्या उभ्या धाग्यांचा ताणा अंगणात ताणून त्याला चिंचोक्याची खळ लावावी लागते. ताण्याचं एक टोक खुंटांना बांधायचं. दुसऱ्या टोकाची दांडी दोघांनी ओढून धरायची, तिसऱ्याने मधला भाग काठीवर उचलायचा आणि चौथ्याने कुंचल्याने खळ फिरवायची. खळ वाळेपर्यंत कोणी जरा ढिलं पडलं की धाग्याला धागा चिकटलाच म्हणून समजा.

गावची रीत अशी, की ताण्याला घरच्याच माणसाचा हात लागला पाहिजे. दसऱ्यापर्यंत ज्या घराला आपला ताणा धरता आला नाही, त्या घरचा माग भावकीत जाई.

नवरा गेल्यावर दोन वर्षं पुतण्या येसाजी आपल्या पोरांना घेऊन ताणा धरायला आला. तिसऱ्या वर्षी तो उंबऱ्यावरूनच म्हणाला, "काकू, आधी माग माझ्या नावावर कर. मग धरतो."

"माग मिळायचा नाही," साळूबाई म्हणाली, "आणि तुझे हातही मला नकोत."

बोलून तर बसली, पण हात आणायचे कुठून? म्हातारी काही डोक्याला हात लावून बसणारी नव्हती. नदीवर तिला ठकी भेटली. सासरच्यांनी तिला हाकललेलं आणि माहेरच्यांनी दार लावून घेतलेलं. देवळाच्या ओट्यावर सुभानजी सापडला. आयुष्यभर राजाची चाकरी केलेला शिपाई, पाय अधू झाला तसा घरी पाठवलेला, पण घर होतंच कुठे! आणि रोगाने सगळी मेंढरं मेलेला लिंबा धनगर तर रानात नुसताच बसून होता. तिघांनाही साळूबाईने एकच सांगितलं, "चल माझ्याकडे. घरचं माणूस म्हणून राहा."

तिघं आली. साळूबाईने त्यांचं सगळं कौतुकाने केलं. सगळ्यांत मऊ भाकरी त्यांना, उबदार जागा त्यांना. ती तिघंही बिचारी इतकी जपून वागायची, की पाणी मागतानासुद्धा आधी हात जोडायची. कोणी कोणाला दुखवत नव्हतं.

दसऱ्याला बारा दिवस असताना त्यांनी ताणा ओढला. सुभानजीची बाजू खाली आली. ठकीने पाहिलं, पण तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कसं बोलायचं? ठकीचीही मूठ सैल झाली. सुभानजीने पाहिलं आणि तो गप्प राहिला. लिंबाची काठी कलली, ती साळूबाईने पाहिली. आधीच पोळलेला जीव आहे, म्हणून तीही बोलली नाही. तासाभरात सगळा ताणा चिकटून त्याचा दोरखंड झाला.

साळूबाईला रडू आलं. मग रडू जाऊन राग आला, आणि राग सर्वांत जास्त स्वतःचाच आला.

"मी तुम्हाला पाहुणे करून ठेवलं," ती म्हणाली. "चुकलं माझं. आजपासून या घरात कोणी पाहुणा नाही. ज्याचं चुकेल त्याला तोंडावर बोलायचं. मलासुद्धा!"

ठकी हळूच म्हणाली, "आजी, तुमची आमटी रोज खारट होते."

"आणि घसा फाडून भजनं म्हणता ते वेगळंच," लिंबा पुटपुटला. साळूबाईला ते झोंबलं, पण त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा सगळी पोटभर हसली.

आता घरात एकाच ताण्यापुरती लोकर उरली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तो ओढला. येसाजी गावच्या म्हाताऱ्या पंचाला घेऊनच आला. "बघा पंच, परक्यांचे हात लागलेत. मोडा हा ताणा!"

"खळ वाळू दे, मग बघू," म्हणत पंच दगडावर टेकला.

तेवढ्यात वारा सुटला. ताणा फडफडायला लागला.

"सुभानकाका, उजवी बाजू वर! झोपलात का?" ठकी ओरडली.

"तू आधी तुझी मूठ बघ, भवाने!"

"लिंबा, काठी!" साळूबाई कडाडली. लिंबा तितक्याच जोरात म्हणाला, "आणि आजी, खळ तिकडे राहिली, डोळे फुटले का?"

हातांची सालं निघाली, तोंडांचे पट्टे सुरूच होते. पण दुपार कलेपर्यंत एकानेही आपली जागा सोडली नाही. ताणा वाळला. प्रत्येक धागा वेगळा आणि ताठ.

पंच उठला आणि येसाजीला म्हणाला, "तुझ्या काकूने तुला असं कधी खडसावलंय?"

"तिची काय बिशाद!"

"मग या अंगणात परका तूच आहेस," पंच म्हणाला. "ही घरचीच माणसं आहेत. माग यांचा."

येसाजी खाली मान घालून निघून गेला. साळूबाईने तिघांच्या सोललेल्या हातांना तेल लावलं, आणि लावता लावता पुन्हा एकदा त्यांना दांडी-काठी नीट न धरल्याबद्दल बोलून घेतलं.

तात्पर्य : चुकल्यावर जे आपल्याला हक्काने बोलतात आणि आपण बोललो तरी हात सोडत नाहीत, तेच आपलं घर.