पाच पायांचा हत्ती

एक होतं गाव, आणि गावाला होता एक राजा. राजा आपला साधाच होता. डोक्यावर मुकुट हलका आणि काळज्या जड. पण त्याच्या गावात एक नवल होतं. वेशीजवळ एक लांबलचक भिंत होती आणि भिंतीवर एक वड रंगवलेला होता. वडावर पोपट, वडाखाली हत्ती. भानाजी चितारी म्हणून एक फार मोठे चित्रकार होऊन गेले, त्यांनी काढलेला. आता चित्रातल्या झाडाची कधी सावली पडते का? नाही ना? या वडाची पडायची, बरं का. भर उन्हात भिंतीशी जाऊन टेकलं की अंगावर गारवा यायचा, पानं हलल्यासारखा वारा यायचा. सगळं गाव दुपारी तिथेच बसायचं. दुसरं झाडच नव्हतं गावात, सगळा नुसता खडक.

गोधडी ओढू नकोस रे तिची. इकडे सरक. हं.

मग काय झालं, भानाजींना जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि भिंतीचे रंग उडायला लागले. पानं फिकी पडली तशी सावली विरळ झाली. राजाने लांबलांबून रंगारी आणले. त्यांनी दिवसभर राबून रंग द्यावा, आणि सकाळी बघावं तर पापड सुटावा तसा सगळा रंग सुटून खाली पडलेला. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना आठवलं. भानाजी जाताना म्हणाले होते, "या भिंतीला लहान हातच चालतील." का चालतील, ते तेव्हा कुणी विचारून ठेवलं नव्हतं. मोठ्या माणसांना असं विचारायचं नसतं ना.

मग राजाने मुलांना बोलावलं. पण एक मूल पुढे येईल तर शपथ. येणार कसं? त्या गावात पोरांनी कोळशाने एक रेघ मारली तरी घरचे म्हणायचे, "स्वतःला भानाजी समजतोस होय?" जन्मापासून हेच ऐकलेलं. कुंभाराची ठकी तर घरी मडक्यांवर चोरून चिमण्या काढायची, पण भिंतीजवळ आली की हात पाठीमागे लपवायची.

गावात सगुणा नावाची एक चितारीण होती. ती चित्रांच्या पोथ्या करायची. एकेका पानावर एकेक चित्र, आणि पान दाखवत दाखवत गोष्ट सांगायची. तिच्या पोथीची एक रीत होती. चित्रातल्या माणसाचे डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे. आणि डोळे काढले रे काढले की तो माणूस पापणी लववायचा आणि आपली गोष्ट आपणच सांगायला लागायचा.

राजाने तिला बोलावून घेतलं. म्हणाला, "सगुणाबाई, मुलांना भानाजी कोण होते ते दाखवा. त्यांची भीती गेली पाहिजे. चैत्रापर्यंत सावली आली नाही, तर मी त्या भिंतीला चुना फासणार आणि तिथे मांडव घालणार. माणसांना उन्हात किती दिवस बसवू?"

ती भिंत बघत बघतच सगुणा लहानाची मोठी झाली होती. भिंतीवर चुना फिरला तर आपलं माहेरच पुसलं जाईल, असं तिला वाटलं.

मग तिने पहिली पोथी केली. कशी केली? सोनेरी वर्ख लावून केली. भानाजी अंबारीत बसलेत, राजे वाकून मुजरा करताहेत, डोक्यामागे तेजाचं वलय. शेवटी डोळे काढले. तर काय, डोळे आपोआप मिटले. मुलांनी पोथी पाहिली आणि सगळ्यांनी हात जोडले. ठकीने झेंडूचं फूल वाहिलं. मग त्यांच्या आयांनी पोथीला हळदकुंकू लावलं, लाल फडक्यात बांधली आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. पोथी काही कुणी पुन्हा उघडली नाही.

सगुणाने दुसरी पोथी केली. या वेळी छोटे भानाजी काढले. पण कसे? पहाटे उठणारे, पाढे म्हणणारे, वाढलेलं सगळं मुकाट जेवणारे. गुरुजी खूश, आईबाप खूश. डोळे काढले, तेही मिटले. आणि घरोघरी सुरू झालं, "बघ, भानाजी कारल्याची भाजी कसे खायचे." ठकी म्हणाली, "मला नाही आवडत तो मुलगा." सगळी मुलं तेच म्हणाली.

फाल्गुन संपत आला. राजवाड्याच्या अंगणात चुन्याची घमेली येऊन पडली. सगुणा अगदी रडकुंडीला आली. ती भिंतीपाशी गेली आणि मटकन खाली मातीत बसली. आता बघा हं, आजवर ती त्या भिंतीपुढे कायम उभी राहिलेली, मान वर करून, हात जोडून. खाली बसून तिने ती भिंत कधी बघितलीच नव्हती.

तर तिच्या डोळ्यांसमोर आले हत्तीचे पाय. हत्तीचा रंग उडाला होता, आणि त्याच्या पोटाखालून आणखी एक पाय डोकावत होता. चांगला वाकडा. हत्तीला पाच पाय! त्याच्याही खाली गेरूचा एवढासा पंजा उमटलेला, तुझ्या हाताएवढा. आणि त्यावर शेणाचा एक फराटा. कुठल्यातरी आईने रागारागाने सारवून तो पुसायला बघितला होता.

सगुणाला आधी हसू आलं, मग रडू आलं. भानाजींनी ही भिंत मोठेपणी नव्हती सुरू केली. ते एवढेसे असताना केली होती, आणि चुकीची केली होती. मोठेपणी त्यांनी तो पाय खरवडून काढला नाही, नुसता रंगाखाली झाकला. लहान हात का, ते तिला तेव्हा कळलं.

मग तिने तिसरी पोथी केली. वर्ख नाही, काही नाही. नाक गळणारा भान्या. आईच्या तुळशीसाठी ठेवलेला गेरू पळवणारा भान्या. पाच पायांचा हत्ती. झाडू घेऊन मागे लागलेली आई. कोपऱ्यात बसून रडणारा भान्या, आणि पुढच्या पानावर परत भिंतीशी उभा राहिलेला भान्या. पोथी तिने राजवाड्यात नेली नाही. भिंतीखाली मातीत उघडून ठेवली.

ठकी आली. लांबूनच वाकून म्हणाली, "सगुणामावशी, हा कोण?"

"भान्या."

"भानाजी?"

"हो, पण तेव्हा भान्याच."

"त्याला आईने मारलं?"

"दोन रट्टे दिले."

"मग?"

"मग त्याने परत काढलं."

ठकीने जरा विचार केला. "याला डोळे नाहीत."

"माझे दोनदा चुकले," सगुणा म्हणाली. "तू काढतेस?"

ठकीने पाठीमागचा हात पुढे केला. कुंचला धरला. एक डोळा मोठा झाला, एक बारीक. सगुणाने ते तसेच राहू दिले. आणि भान्याने पापणी लववली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "ए, त्या हत्तीला एक पाय जास्त झालाय. आईला सांगू नकोस."

ठकी खुदकन हसली. तिने गेरू उचलला आणि सरळ भिंतीकडे गेली. तिच्यामागे सगळी पोरं. कुणी हळद आणली, कुणी नीळ, कुणी तव्याची काजळी. संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत रंगले सगळे. एक फांदी निळी झाली, पोपट पिवळे झाले. पाचवा पाय ठकीने चांगला गडद केला.

सकाळी राजा घाबरत घाबरत बघायला आला. रंगाचा एक पापुद्रा पडला नव्हता. दुपार झाली आणि सावली आली, अशी दाट की राजाने मुकुट काढून ठेवला आणि टक्कल गार करत बसला. निळ्या फांदीखाली जरा निळी सावली होती. तिथे बसायला तर भांडणं व्हायची.

मोठी माणसं लाल फडकं घेऊन आलीच पोथी बांधायला. राजा म्हणाला, "हात लावाल तर बघा. ती मुलांच्या हाताला येईल अशा कोनाड्यात राहील." तिथे ती राहिली. पानांना तेलाचे डाग पडले, कोपरे दुमडले, आणि भान्या रोज नव्या पोरांना तीच गोष्ट सांगत राहिला. चुन्याने राजाने आपलं स्वयंपाकघर रंगवून घेतलं. सगळे सावलीत सुखाने राहिले.

आता मिटा डोळे. आणि हे बघ, तुझ्या पाटीवरचा तो तीन शिंगांचा बैल आहे ना, तो मी पुसलेला नाही. सकाळी उठलास की तिथेच असेल. झोप.