आचाऱ्याच्या घरची उपासमार

फार पूर्वी एका राजाच्या मुदपाकखान्यात एक आचारी होता. त्याच्या फोडणीचा वास दरबारात पोचला की भल्याभल्या मानकऱ्यांचं कामावरचं लक्ष उडे. आपल्यावाचून राजवाड्याची चूल पेटत नाही, असं आचाऱ्याला वाटे आणि त्यात त्याला मोठं सुख होतं. माणूस म्हटला की एवढं असायचंच!

घरी त्याची बायको होती. नवरा जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. दुपारी येतो म्हणून गेलेला आचारी दिवेलागणीला परते आणि म्हणे, "अगं, चाखून चाखूनच पोट भरलंय. तू जेवलीस ना?"

"हो, जेवले," ती म्हणे. कोपऱ्यात दोन ताटं झाकलेली असत. ती आचाऱ्याला दिसत, पण डोक्यात उद्याच्या पक्वान्नांचा बेत चाललेला असे.

राजवाड्यात असला की त्याला घर आठवे, घरी आला की राजवाडा. धड इथं नाही, धड तिथं नाही. छातीत जळजळू लागलं, झोप उडाली. शेवटी एक दिवस राजाच्या आमटीत मीठ दोनदा पडलं. राजानं काळजीनं आपला वैद्य त्याच्या घरी धाडला.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. "पित्त आहे. मनाची ओढाताण थांबव, म्हणजे उतरेल."

इतक्यात बायको भिंतीला धरून धरून पाणी घेऊन आली. वैद्यबुवा तिच्याकडे बघतच राहिले. "बाई, हात पुढे करा." ती नाडी त्यांनी बराच वेळ धरली. मग आचाऱ्याला म्हणाले, "तुझं सोड. हिची उपासमार झाली आहे."

"उपासमार? माझ्या घरात?" आचारी ओरडलाच.

बायको खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही म्हणायचात पोट भरलंय. मग माझाही घास उतरायचा नाही."

आचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या नगरीला जेवू घालणाऱ्याच्या घरात बाई उपाशी!

दुसऱ्या दिवशी परमुलखाचे पाहुणे यायचे होते. आचाऱ्यानं घरी जायची रजा मागितली, तेव्हा राजा म्हणाला, "आजचा दिवस निभावून ने. मग खुशाल घरी जा."

"महाराज, आजचा दिवस, आजचा दिवस म्हणतच इतकी वर्षं गेली. आज मला घरी पेज शिजवायची आहे."

"चाकरी जाईल!"

"जाऊ द्या, महाराज." आचाऱ्यानं पळी खाली ठेवली आणि तो निघाला.

मेजवानी दुसऱ्या आचाऱ्यानं रांधली. पाहुणे पोटभर जेवले, वाहवा म्हणाले, आणि जुना आचारी कुठे गेला हे कुणी विचारलंसुद्धा नाही. हे कानावर आलं तेव्हा त्याच्या काळजाला घरं पडली.

पण तेव्हा तो बायकोच्या उशाशी बसून तिला पेज भरवत होता. दोन घोट घेऊन तिनं तोंड फिरवलं. "आता जात नाही हो," ती म्हणाली. रुसलेल्या राजपुत्रांना जेवायला लावणारा तो आचारी, पण हिची भूक परत कशी आणायची ते त्याला कळेना. तो रडला. मग डोळे पुसून त्यानं वाटीतली थोडी पेज स्वतः प्यायली, तिला दिसेल अशी. तिनं ते पाहिलं आणि आणखी एक घोट घेतला.

तात्पर्य: चाकरीत आपली जागा दुसरा भरून काढतो, घरातली जागा रिकामीच राहते, आणि त्या रिकाम्या जागेपायी एकाचीच नाही, घरातल्या साऱ्यांची प्रकृती खंगते.