बहात्तर खांबांची पिशवी

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता, शशिप्रभा नावाची राणी होती, आणि राणीवर एक विचित्र शाप होता. रोज सूर्य मावळला की तिच्या मनातून एक माणूस पुसला जाई. आज दाई, उद्या सासूबाई. सासूबाईंना विसरल्यावर राणी जरा टवटवीत दिसू लागली, असे दासी म्हणत. जळो त्यांची जीभ! राजवैद्यांनी ब्राह्मी पाजली, ज्योतिष्यांनी दाने करवली. गुण काही आला नाही. लग्नाला वर्ष होत आले, तेव्हा राणीच्या मनात तीनच माणसे उरली: वडील, राजा आणि बनू.

बनू ही राणीची पाठराखीण. नवरीसोबत माहेराहून आली आणि राहूनच गेली. राणीवाचून तिला दुसरे गणगोत नव्हते. ती राजाला म्हणाली, "महाराज, राणीसाहेबांनीच मला 'तू कोण' विचारले, तर मी जाऊ कुठे?"

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, खोटे मात्र बोलत नसत.

"राणीच्या रुखवतातल्या विणलेल्या पिशवीचे सूत विरले, तोंडाचा चांदीचा खटका तेवढा उरला. त्याच्या काठाला बहात्तर छिद्रे आहेत. त्यावर नवी पिशवी विणा. शेवटच्या फेरीत दर छिद्रात एक खांब, म्हणजे उभा टाका, घाला, आणि दर खांबाला, राणीचे ज्याने भले केले त्या एकाचे खरे नाव घ्या. खटका मिटला की शाप मिटला."

"सूत कोणाचे? सुई कोणाची?" बनूने विचारले.

"सूत विहिरीतल्या नागाचे, सुई धनेश पक्ष्याची, हात तुझा. दिवस तीन."

शाप कोणाचा, हे बनूने विचारले नाही. तुम्ही-आम्ही पहिल्यांदा तेच विचारले असते.

पहिल्या दिवशी ती विहिरीत उतरली. नाग म्हणाला, "हा सुताचा गुंता. एकही धागा न तोडता सोडव, आणि घेऊन जा." बनू दिवसभर पायरीवर बसून गुंता सोडवत राहिली. मोतिया रंगाचे सूत घेऊन ती वर आली, तेव्हा राणी वडिलांना विसरली होती.

दुसऱ्या दिवशी ती धनेशाच्या वडाखाली गेली. धनेश म्हणाला, "सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एक शब्द बोलू नकोस. सुई देतो." बनूला हे काम नागाच्या गुंत्यापेक्षा जड गेले. पण अळीमिळी गुपचिळी करून तिने हाडाची आकडेदार सुई मिळवली. परतली, तर राणी राजालाच विचारत होती, "आपण कोण?" राजा मान खाली घालून दालनाबाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला, राणी डोळे मिटून सिंहासनावर टेकली आणि बनू विणायला बसली. साखळी घातली, साखळीवर खांब उभे केले. पण मनात भीती असली की टाका आवळतो. दुपारपर्यंत पिशवी झाली, ती खटक्याला पुरेना. ओढली, ताणली; चार बोटे कमीच. बनूने एक टोक धरले आणि सबंध पिशवी भर्रकन उसवून टाकली.

"हे काय केलेस?" राजा ओरडला.

"चुकलेले उसवावेच लागते, महाराज."

मग तिने सैल हाताने पुन्हा विणले. शेवटची फेरी आली. एकेका खांबाला ती नाव घेऊ लागली. अंगाला तेल लावणारी सोनकी. गोवरात जागलेली मावशी. दूध आणणारा हैबती. सासूबाईसुद्धा; न्याय म्हणजे न्याय. एकाहत्तर नावे झाली, एकाहत्तर खांब भरले.

बहात्तराव्या छिद्रापाशी बनू थांबली. तिने आपलेच नाव घेतले. टाका सुटला. पुन्हा घेतले. पुन्हा सुटला. ऊन दरबाराच्या शेवटच्या पायरीवर गेले होते.

बनूने सुई खाली ठेवली आणि सर्वांदेखत बोलली. "रुखवतात दर वस्तूपुढे उभे राहून करणारीचे नाव सांगायचे, हा आमचा रिवाज. ते काम माझे होते. ही पिशवी कोणाची म्हणून सगळ्यांनी विचारले, कौतुक केले, आणि मी म्हणाले, 'माझी.' ती माझी नव्हती. मला सुई धरायला जिने शिकवले, त्या भिवराआक्काची होती. आक्का मागे गर्दीत उभी होती. मी तिला पाहिले होते, तरी बोलले."

भिवराआक्का हे नाव घेताच टाका बसला. खट्! खटका मिटला.

राणीने डोळे उघडून सभोवार पाहिले. "महाराज, तुम्ही किती वाळलात!" मग म्हणाली, "बनू, अगं, मला तेव्हाच ठाऊक होते. तुझा टाका आवळ असतो. पण तू आनंदात होतीस, म्हणून मी गप्प बसले. खरी चूक तिथे झाली. आक्कांना मीही काही म्हटले नाही."

दाराशी एक म्हातारी उभी होती, भिवराआक्काच ती. ती मोठी जादूगारीण होती, हे तोवर कोणालाच माहीत नव्हते. बनूने तिचे पाय धरले आणि रडू लागली.

"ऊठ गं," आक्का म्हणाली. "मला शालजोडी नको होती. नुसते 'आक्काने केली' म्हणायचे होतेस. रागाच्या भरात शाप दिला, माझ्याकडूनही जास्तच झाले."

राणी सिंहासनावरून उतरली, आक्काचे खडबडीत हात तिने हातात घेतले आणि म्हणाली, "आक्का, पिशवी फार सुंदर होती. तुमचे उपकार आहेत."

आक्काने कानामागे हात नेला. "नीट ऐकू नाही आले. पुन्हा म्हणा."

राणीने पुन्हा म्हटले. आक्काने तिसऱ्यांदा म्हणायला लावले, आणि तिसऱ्यांदा ऐकताना तिला हसू आवरेना. राजा हसला, दरबार हसला, बनू रडता रडता हसली. त्यांचे डोळे पुसले गेले, तसे तुमचे-आमचेही पुसले जावोत.